मिरगाआधीचा मध



तुमच्या देवघराशेजारच्या फडताळात मधाची एक लहान बाटली असेल. एकादशीला किंवा अभिषेकाला पंचामृत करायचे असले की ती खाली निघते. दूध, दही, तूप, साखर सैल हाताने पडतात. मध मात्र चमचा तिरका धरून थेंब थेंब सोडतात. उरलेल्या दिवसांत त्या बाटलीची आठवण कुणाला खोकला झाला तरच होते. माझ्या घरीही असेच होते, आणि मी तर मधपाळ. पंधरा वर्षे पेट्या सांभाळल्या, शेकडो बाटल्या भरल्या. तरी तो मध मुळात कुणी कशासाठी साठवला होता, हा प्रश्न मला साठीच्या घरात पोहोचल्यावर पडला. तोही आपणहून पडला नाही. चार पेट्या गेल्यावर पडला. ते सगळे आज तुमच्यापुढे मांडतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्याच्या पश्चिम अंगाला. मागे डोंगर, त्यावर जांभूळ, हिरडा, गेळा आणि कारवीचे रान. मृग लागला की ढग अंगणात उतरतात आणि भाद्रपद सरेपर्यंत घोंगडी वाळत नाही. माणसाने उन्हाळ्यात सरपण, धान्य, गुरांची वैरण भरून ठेवायची आणि चार महिने दार लोटून बसायचे, अशी इकडची रीत. मधमाशीचीही अगदी तीच रीत आहे. चैत्र-वैशाखात रान फुलते तेव्हा ती रात्रंदिवस राबते. पुढे पावसाची झड लागली की फुले धुऊन निघतात, माशीला बाहेर पडता येत नाही, आणि घरात जे असेल त्यावर निभवावे लागते. मध म्हणजे तिची पावसाळ्याची कणगी.

माझा आज्जा आग्या मोहोळ काढायचा. आग्या माशी मोठी, रागीट. कड्याच्या कपारीला किंवा उंच झाडाच्या फांदीला एकच थोरले पोळे लोंबते. अवसेच्या अंधारात आज्जा आणि आणखी दोघे निघायचे. आधी कड्याखाली नारळ फोडायचे, मग वाळल्या गवताची चूड पेटवून पोळ्याखाली धरायची. ठिणग्या खाली झडत आणि माशा त्या ठिणग्यांमागे झडत. सकाळी कड्याच्या पायथ्याला पंख जळालेल्या माशांचा थर पडलेला असायचा. पोळे आणून हाताने पिळायचे. त्यात मध यायचा, अळ्या यायच्या, परागाचा गोळा यायचा, सगळे एकत्र. लहानपणी मी तो मध चाटला आहे. त्याला एक आंबूस वास असायचा. तो कशाचा, हे मोठेपणी कळले.

आज्ज्याची एक गोष्ट मात्र तेव्हा मला वेडेपणाची वाटायची. कड्यावर सात-आठ मोहोळे असली तर तो दोन सोडायचा. वडील विचारायचे, "ती का सोडली?" आज्जा म्हणायचा, "ती कड्याची." यापेक्षा जास्त बोलायचा नाही.

पुढे मी माळ घातली. चूड लावून मोहोळ जाळणे मनाला पटेना. याच सुमारास महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडून पेटीतल्या मधमाश्यांचे प्रशिक्षण मिळते असे कळले. गेलो, शिकलो, सातेरी माश्यांच्या दोन पेट्या घेऊन आलो. सातेरी ही आपली देशी माशी. झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत एकापाठोपाठ एक समांतर पोळी लावते, म्हणून तिला पेटीत नांदवता येते. आग्या माशीला अंधाऱ्या बंद जागेत राहायला आवडत नाही, ती पेटीत येत नाही.

ही पेटी म्हणजे काय, ते थोडे सांगतो, कारण तिच्यात मोठी दया दडलेली आहे. जुन्या काळी मोहोळ मोडूनच मध काढत, आणि हे आपल्याकडेच होते असे नाही. युरोपात गवताच्या टोपलीत माशा पाळायचे आणि मध काढायच्या वेळी खाली गंधक जाळून अख्खे मोहोळ मारायचे. १८५१ मध्ये अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या ध्यानात आले की माशी आपल्या येण्या-जाण्यासाठी ठरावीक अंतर मोकळे ठेवते, साधारण सहा ते नऊ मिलिमीटर. जागा त्याहून अरुंद असली तर ती चिकट राळेने बुजवते, रुंद असली तर मध्येच पोळे बांधते. म्हणून त्याने नेमके तेवढे अंतर सोडून सुट्या लाकडी चौकटी लावल्या. चौकट अलगद वर उचलता येऊ लागली, पोळे न मोडता आत बघता येऊ लागले. आपली सातेरी राळ आणत नाही, तिचे अंतरही जरा कमी, पण नियम तोच. १८५७ मध्ये जर्मनीत मेहरिंगने मेणाचा छापील पत्रा काढला. त्यावर माशी आपली षट्कोनी घरे उभारते, तिचे मेण घडवायचे कष्ट वाचतात. १८६५ मध्ये ह्रुश्का नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने मध काढायचे यंत्र आणले. त्याच्या मुलाने मधाचे पोळे टोपलीत घालून गरगर फिरवले आणि मध बाहेर उडाला, त्यावरून त्याला ते सुचले अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे. यंत्र मात्र तसेच चालते. चौकट आत उभी करायची, दांडा फिरवायचा, मध पिंपाच्या भिंतीवर उडतो आणि रिकामे पोळे जसेच्या तसे परत पेटीत ठेवता येते. मुंगीसुद्धा न मारता मध मिळण्याची सोय झाली.

आपल्या देशात दक्षिणेकडे १९१० च्या सुमारास न्यूटन नावाच्या पाद्र्याने सातेरीच्या मापाची छोटी पेटी केली. पुढे १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा गांधीजींनी घाणीचे तेल, हातकागद यांच्या जोडीने मधमाशीपालनही खेड्याच्या उद्योगांत धरले. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था झाली. एका धर्मोपदेशकाच्या बारीक नजरेतून निघालेली पेटी अशी हातोहात आमच्या जावळीच्या बांधापर्यंत आली. तिच्यापुढे बसलो की मला आज्ज्याची चूड आठवायची आणि आपण फार वर चढलो असे वाटायचे. हा अभिमान ध्यानात ठेवा माउली, पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

२०१८ साल. माझ्याकडे तेव्हा पाच पेट्या होत्या. एक गोठ्याच्या भिंतीला, चार ओढ्यापलीकडच्या शेतात. जांभूळ चांगला फुलला होता, वरची मधाची कोठी भरली होती, ती मी वैशाखात काढली. खरे म्हणजे तिथेच थांबायचे. पण त्या वर्षी आळंदीहून आमच्या दिंडीबरोबर निघताना एका दुपारच्या पंगतीचा शिधा आपल्याकडून द्यावा असे मनात आले. हातात पैसा नव्हता. पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाने निरोप पाठवला होता, जेवढा मध असेल तेवढा द्या, किलोला पाचशे देतो.

मृग निघायच्या आदल्या दोन दिवसांत मी पेट्या पुन्हा उघडल्या. वरच्या कोठीत थोडाच मध होता. मग मी खालच्या कोठीला हात घातला. खालची कोठी म्हणजे माशीचे माजघर. राणी तिथे अंडी घालते, अळ्या तिथे वाढतात, आणि त्याच चौकटींच्या वरच्या कडेला बोटभर रुंदीचा मधाचा पट्टा माशी स्वतःसाठी राखते. त्याला हात लावायचा नाही, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगतात. ते प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर टांगलेले होते. तरी मी त्या चौकटी यंत्रात घातल्या आणि दांडा फिरवला.

सौ. दारात उभी होती. म्हणाली, "अहो, पाऊस तोंडावर आलाय. त्यांना काय ठेवलंत?"

मी म्हणालो, "देवाच्या कामाला चाललाय मध. त्यांनाही पुण्य."

यंत्राच्या तळाशी मधावर पांढरे काहीतरी तरंगत होते. तांदळाच्या शिताएवढ्या अळ्या. आज्ज्याच्या पिळलेल्या मधात असायच्या त्याच. मी गाळणी घेतली, त्या वेगळ्या केल्या आणि तुळशीपलीकडे फेकून दिल्या. कुणी बघितले नाही. खरे तर मीसुद्धा नीट बघितले नाही.

दोन्ही खेपांचा मिळून सतरा किलो मध झाला. साडेआठ हजार रुपये आले. दिंडीत पंगत झाली, माझे नाव पुकारले गेले, मी दोन्ही हात जोडले. त्या वर्षी पाऊसही बरा होता, फलटणच्या पुढेसुद्धा भिजत चाललो. पावसात चालताना वारकऱ्याला आनंदच होतो. त्याच पावसात ओढ्यापलीकडे काय चालले असेल, हा विचार मला एकदाही शिवला नाही.

एकादशी करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी ओढ्याचे पाणी जरा उतरलेले पाहून पलीकडे गेलो. पहिल्या पेटीला कान लावला. भरल्या पेटीला कान लावला तर आतून लांबवर टाळ वाजत असल्यासारखा एक घुमारा येतो. काही आले नाही. झाकण उघडले. पोळी कोरडी, माशी एकही नाही. सातेरीला घरात अन्न उरले नाही की ती घर सोडून जाते. कुठल्यातरी उघडिपीला गेली असेल. त्या दिवसांत डोंगरात फूल नाही, तेव्हा गेली तरी कुठे जगली असेल, हे वेगळे सांगायला नको. दुसरी पेटी तशीच. तिसरीत मेणकिड्याने जाळी धरली होती.

चौथी पेटी जड नव्हती, पण रिकामीही नव्हती. माशा आत होत्या. पोळ्यावर जागच्या जागी, एकमेकींना खेटून. पुष्कळशा तर घरांमध्ये डोकी घालून, शेपटाकडचा भाग तेवढा बाहेर. मी चौकट हलवली तशा काही खाली पडल्या, वाळल्या पाचोळ्यासारख्या. मधमाशी उपाशी मरते तेव्हा अशी मरते. घराच्या तळाशी चाटायला काही उरले आहे का, हे बघताना मरते.

आज्ज्याने जाळलेल्या माशा मी कड्याखाली पाहिल्या होत्या. या माझ्या होत्या. मी चूड लावली नव्हती, हाताला राख नव्हती, यंत्र स्टेनलेस स्टीलचे होते.

पाचवी पेटी गोठ्याजवळची. ती घुमत होती. माशा कमी, पण राणी होती, अंडी होती. मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, "संध्याकाळी वाटीभर साखरपाणी ठेवत होते आत. पलीकडं ओढ्यामुळं जाता आलं नाही. जायला पाहिजे होतं." ज्याच्यावर चूक नव्हती ते माणूस खंत करीत होते. मी काहीच बोललो नाही. त्या रात्री हरिपाठाला बसलो, पण टाळ हातात घेववला नाही.

दिंडीच्या महाराजांना मी हे दुसऱ्या वर्षी सांगितले. वाटले होते, म्हणतील, अजाणता झाले, नाम घ्या. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पंगत तुमच्या नावाने पुकारली होती, नाही का?" बस्स, एवढेच. मी त्याचा अर्थ विचारला नाही.

आज माझ्याकडे अकरा पेट्या आहेत, आणि सगळ्या त्या गोठ्याजवळच्या पेटीच्या वंशातल्या. वसाहत भरली की तिची वाटणी करून दुसरी पेटी करता येते. आता मध काढायचा माझा नेम असा आहे. वरच्या कोठीतली जी चौकट चार भागांतले तीन भाग मेणाने बंद झाली असेल तीच काढतो. बंद न झालेला मध पातळ असतो, तो टिकत नाही, आंबतो. वरच्या कोठीतही दोन चौकटी ठेवून देतो. खालच्या कोठीकडे बघायचे ते फक्त राणी आहे का आणि रोग आहे का, एवढ्यापुरते. वैशाखी पौर्णिमेनंतर यंत्र धुऊन माळ्यावर टाकतो, ते दसऱ्यापर्यंत खाली येत नाही. पेटीमागे मध कमी येतो. एका गिऱ्हाइकाने विचारलेही, "गेल्या वर्षांपेक्षा कमी कसा?" त्याला सांगितले, कड्याचा भाग राहिला. त्याला काही कळले नाही.

पेटी उपाशी आहे का, हे कळायला सतत उघडावी लागते, आणि पावसात उघडली तर आतली ऊब जाते. पिलांच्या भागात माशी चौतीस-पस्तीस अंश ऊब राखते, बाहेर कितीही गारठा असो. म्हणून मी गुळाच्या ढेपा तोलायचा जुना हुकाचा काटा घेतला. पेटीची एक बाजू हुकाने बोटभर उचलायची, काट्यावरचा आकडा पाटीवर लिहायचा. आठ दिवसांनी पुन्हा. आकडा भराभरा उतरायला लागला की साखर आणि पाणी समसमान घेऊन पाक करायचा आणि तिन्हीसांजेला आत ठेवायचा. दिवसा ठेवला तर वासाने शेजारच्या पेटीच्या माशा लुटायला येतात.

आमचा धाकटा पुण्याला यंत्रांच्या कारखान्यात आहे. त्याने माझे हे उचलणे-लिहिणे पाहिले आणि हसला. दिवाळीला येताना एक चपटा विजेचा काटा घेऊन आला, त्यात मोबाइलचे सिमकार्ड. पेटीखाली ठेवला की तासातासाला वजन फोनवर येते. आता तर आतली ऊब, ओल आणि माशांचा आवाज टिपणारी उपकरणेही निघाली आहेत. आवाज बदलला की राणी गेली किंवा थवा निघायच्या बेतात आहे, याचा अंदाज करता येतो. ऑस्ट्रेलियातल्या एका बापलेकाने २०१५ मध्ये अशी पेटी बाजारात आणली की चावी फिरवली की नळातून मध बरणीत उतरतो, झाकणसुद्धा उघडावे लागत नाही. धाकट्याने मला त्याचे चित्र दाखवले. म्हणाला, "आबा, बघा किती सोपं." मी ते चित्र दोनदा पाहिले. फार हुशारीची वस्तू आहे. पण जांभळाच्या बहरात माझ्या घरी नळ असता आणि पुण्याहून पाचशेचा निरोप आला असता, तर मी तो नळ बंद केला असता का? काट्याचे तसे नाही. काटा उतरताना दिसला की द्यायची आठवण होते. मी काटा ठेवून घेतला. आमच्याकडे रेंज लागेल तेव्हाच तो बोलतो, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही म्हणाल, सातेरीऐवजी विलायती माशी का ठेवत नाही? पुष्कळजण ठेवतात. १९६० च्या दशकात ती पंजाबात रुजली. मध जास्त देते. सातेरीच्या पेटीतून वर्षाला पाच-दहा किलो निघाला तर मी खूष असतो, तिच्यातून त्याच्या तिप्पट-चौपट निघतो. ट्रकमधून पेट्या मोहरीला, सूर्यफुलाला नेतात. कांद्याचे बी करणारे शेतकरी फुलोऱ्याच्या दिवसांत पेट्या भाड्याने आणतात, कारण माशी फिरली नाही तर बी भरत नाही. त्या कामाला मी नावे ठेवणार नाही. पण आमच्या पावसात ती टिकवायची तर साखरही जास्त लागते आणि औषधही. तिच्या अंगावर एक माइट बसतो, गोचिडासारखा, पिलांनाही लागतो. हा मूळचा सातेरीवरचाच. सातेरी त्याच्याबरोबर युगानुयुगे राहिली, तिला तो अंगावरून झाडून काढता येतो; विलायतीला ते नीट जमत नाही. सातेरीलाही तिची दुखणी आहेतच. १९९१-९२ मध्ये केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात पिले पिशवीसारखी फुगून मरण्याचा विषाणूचा रोग आला आणि बहुतेक वसाहती बसल्या. त्यावर औषध नव्हते. ज्या थोड्या पेट्या आपसूक तगल्या त्यांच्यापासून लोकांनी पुन्हा वाढवल्या. मलाही हेच बरे वाटते. आपल्या डोंगरात जी तगते तिला वाढवावे.

आणि एक गोष्ट शेजारच्या तात्याची. त्याची स्ट्रॉबेरी माझ्या पेट्यांना लागून आहे. एकदा सकाळी नऊला तो फुलावर औषध मारत होता. दुपारपर्यंत माझ्या दोन पेट्यांच्या तोंडाशी माशा गोल गोल लोळून मरायला लागल्या. मी तणतणत गेलो. वाटेत २०१८ आठवले आणि आवाज खाली आला.

"तात्या, तुझी फळं यंदा वाकडी का येत नाहीत, ठाऊक आहे का?"

"का?"

"माशी एका फुलावर दहा वेळा बसली तर फळ सगळ्या अंगानं भरतं. नाही बसली तर एका बाजूनं चिमतं. माझ्या माशा तुझ्या फुलावर राबतात."

तो फवाऱ्याचा नळ खाली धरून उभा राहिला. म्हणाला, "मग मारू नको म्हणता? किडीनं खाल्लं तर तुम्ही भरून द्याल?"

हा प्रश्न खोटा नव्हता. युरोपात २०१८ मध्ये माश्यांना घातक ठरलेल्या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, पण तात्याचे कर्ज युरोपच्या नव्हे, आपल्या सोसायटीच्या वहीत आहे. शेवटी असे ठरले: औषध संध्याकाळी माशा घरी परतल्यावर मारायचे, शक्यतो फूल उमलायच्या आधी मारायचे, आणि आदल्या दिवशी मला सांगायचे. मी पेट्यांची तोंडे त्या सकाळी उशिरा उघडतो. दोनदा तो सांगायला विसरला. बाकी पाळतो. गेल्या वर्षी त्यानेच स्वतःसाठी दोन पेट्या मागितल्या. एक दिली, दुसरी त्याचा पहिला पावसाळा बघून देईन म्हटले आहे.

महाबळेश्वराजवळच्या मांघर गावाला २०२२ मध्ये सरकारने मधाचे गाव म्हणून जाहीर केले. तिथे बहुतेक घरांत पेट्या आहेत. मी मुद्दाम जाऊन पाहिले. जिथे पुष्कळ घरांचा उदरनिर्वाह माशीवर आहे तिथे जांभळाच्या झाडाला कुऱ्हाड लावायला गेलेला माणूस चार घरांना उत्तर देतो. आमच्या गावात अजून असे नाही. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, त्या साली डोंगर जांभळा होतो आणि पेट्या ओसंडतात; मधल्या सहा वर्षांत ती कुणाच्या कुडाला, कुणाच्या चुलीला तोडली जाते. मी बोलतो, लोक ऐकून घेतात.

तुमच्यापैकी ज्यांच्या दारात तुळस आहे त्यांना एक विनंती. झाड वाढावे म्हणून मंजिऱ्या लगेच खुडतात. सगळ्या खुडू नका. दोन-चार फांद्यांवर फुलू द्या. सकाळी तुळशीपाशी नुसते उभे राहा, तुम्हाला त्या दिसतील. आणि मध घ्याल तेव्हा घट्ट झाला, साखरला म्हणून खोटा समजू नका. खरा मधही साखरतो. विकणाऱ्याला एवढेच विचारा, खालच्या कोठीतला तर नाही ना, आणि पावसाळ्याला त्यांच्यासाठी किती ठेवलात. उत्तर देताना तो थांबला तर त्याला रागावू नका. मीही थांबलो असतो.

यंदा वारीत तरडगावच्या मुक्कामी फोनला रेंज आली आणि निरोप दिसला. सहा नंबरची पेटी आठ दिवसांत तीनशे ग्रॅमने उतरली होती. ती ओढ्यापलीकडची. मी सूनबाईला फोन लावला. मागे भजन चालू होते, मला तिचे नीट ऐकू येईना.

"सहाव्या पेटीला पाक द्यायला पाहिजे," मी ओरडून सांगितले. "ओढ्याला पाणी किती आहे?"

"दिला आबा, काल तिन्हीसांजेलाच," ती म्हणाली. "आई आणि मी दोघी जाऊन आलो. कमरेएवढं पाणी होतं. भिजलो. पण घुमत होती."